वाचकांचे प्रश्न : मुंबईची नौका, हार्टलपूलची डागडुजी

प्रश्न : मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही लाकडी युद्धनौका इंग्लंडमध्ये दुरुस्त करून जतन केली असल्याचे वाचनात आले. दोन शतकांत तिच्या कितीतरी फळ्या बदलल्या असतील. मग तिला मुंबईची नौका म्हणणे योग्य ठरते का? आणि अशी पुनर्बांधणी करतात तरी कशी? — एक वाचक, परळ

उत्तर : योग्य ठरते, आणि त्याचे पहिले कारण सागवान. नेपोलियनबरोबरच्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये जहाजाजोग्या ओकचा तुटवडा पडला, म्हणून ब्रिटिश नौदलाने मुंबईकडे मागणी नोंदवली आणि मुंबईच्या गोदीतील प्रमुख जहाजबांधणीकार जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानातून ही नौका उभी राहिली. (तिचे आराखडे घेऊन निघालेले ‘जावा’ हे ब्रिटिश जहाज १८१२ साली अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेने पाडाव केले, त्यामुळे आराखडे पुन्हा पाठवावे लागले आणि काम लांबले.) ओकमधील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे लोखंडी खिळे गंजतात आणि त्यांच्याभोवतीचे लाकूडही निकामी होते, सागाच्या अंगच्या तेलामुळे हा त्रास पुष्कळ कमी होतो. म्हणूनच १९८७ साली हार्टलपूलला आणल्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या कामात तिच्या मूळ लाकडाचा मोठा भाग राखता आला. ती ‘कॉन्स्टिट्यूशन’ही आज बोस्टनमध्ये पाण्यावर आहे, पण वारंवारच्या दुरुस्त्यांनंतर तिच्यात मूळ लाकूड फार थोडे उरले आहे.

पुनर्बांधणीची सुरुवात मोजमापाने होते. जहाजाचा मधला रुंद भाग पाण्यावर अधिक तोलला जातो, निमुळत्या टोकांना तेवढा आधार मिळत नाही; त्यामुळे काही दशकांत दोन्ही टोके खाली झुकतात आणि तळाचा कणा मधोमध वर उचलला जातो. हा बाक ध्यानात न घेता नव्या फळ्या ठोकल्या, तर बिघडलेला आकारच कायमचा पक्का होतो. त्यानंतर कुजलेला भाग शोधायचा. अनेकांना नवल वाटेल, पण खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी लाकडी जहाजाला अधिक घातक असते : ते तूतकाच्या (डेकच्या) सांध्यांतून झिरपून फासळ्यांच्या, म्हणजे जहाजाच्या सांगाड्यातील वाकड्या लाकडांच्या, माथ्याशी साचते आणि तेथे बुरशी धरते. पावसाळ्यात आपल्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात, त्यामागे वादळवाऱ्याच्या भीतीबरोबर हाही व्यवहार आहेच.

कुजलेला भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून तेथे लांब तिरपा सांधा देऊन नवा तुकडा जोडतात, म्हणजे ताण एका जागी एकवटत नाही. वळणाच्या जागी लागणारी फळी वाफेच्या पेटीत मऊ करून, ती गरम आहे तोवरच जागेवर आवळावी लागते. फासळीसाठी मात्र झाडावरच वाकलेले लाकूड उत्तम, कारण त्यातील रेषा वळणाबरोबर धावतात. सरळ ओंडक्यातून कापलेली वाकडी फासळी आडवी तडकते. शेवटी फळ्यांच्या फटींत तागाचे किंवा कापसाचे पेड ठासून वर डांबर किंवा राळ भरतात.

ही विद्या आपल्याकडून लोपली आहे, असे मात्र समजू नये. कच्छमधील मांडवीला रुक्मावती नदीकाठी आणि केरळात बेपूरला आजही मोठी लाकडी जहाजे बांधली जातात, तीही बहुतेक मुख्य मिस्त्रीच्या नजरेच्या हिशेबाने. भारतीय नौदलात २०२५ साली दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही नौका तर अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून बेतलेली असून तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत आणि ते काम केरळच्या कारागिरांनी केले आहे. हात आहेत, उणीव आहे ती नोंदींची. मुंबईच्या कोळीवाड्यांत फायबरच्या होड्या वाढत असताना, जुनी लाकडी होडी मोडीत निघण्यापूर्वी तिचे नीट मोजमाप घेऊन रेखाटन करून ठेवणे, हे कोणत्याही स्थापत्य महाविद्यालयाला फारशा खर्चाविना जमण्यासारखे काम आहे, आणि माझ्या मते एखादी देखणी प्रतिकृती बांधण्याआधी तेच व्हायला हवे.

प्रश्न : वाडियांनी जहाजे बांधली त्या गोद्या मुंबईत पाहता येतात का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : १७५० च्या सुमारास बांधलेली बॉम्बे डॉक आणि तिच्यानंतर १८१० च्या सुमारास पूर्ण झालेली डंकन डॉक या दोन्ही सुक्या गोद्या (पाणी काढून टाकून जहाजाचे काम करता येईल अशा) लायन गेटच्या आत, नौदलाच्या गोदीच्या आवारात आहेत. तेथे नौदलाचे कामकाज चालत असल्याने सर्वसामान्यांना मुक्त प्रवेश नाही.