आईला जपू की बहिणीला घरी येऊ देऊ?

मावशी, नमस्कार.

मी शाळेत शिकवते. घरी मी, माझा दहा वर्षांचा मुलगा आणि आई. आईचं सहा वर्षांपूर्वी किडनीचं प्रत्यारोपण झालंय, प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या टॅक्रोलिमसच्या गोळ्या रोज चालू असतात. गेल्या तीन आठवड्यांत कोरोनाचे रुग्ण पुन्हा भराभर वाढलेत, माझ्याच वर्गात सहा मुलं गैरहजर आहेत. बारा दिवसांनी आईचा ७५वा वाढदिवस आहे. धाकटी बहीण नवऱ्याला आणि दोन मुलांना घेऊन दोन दिवस राहायला येणार म्हणते. मी नको म्हटलं तर फोनवर चिडली. “तू आईला कोंडून ठेवलंयस,” म्हणाली. आणि मग म्हणाली, “बाबांच्या वेळी आजार तूच आणला होतास घरात.”

सप्टेंबर २०२० मध्ये बाबा गेले. त्यांची औषधं आणायला मीच बाहेर जात होते. आल्यावर अंघोळ करायचे, पिशव्या पुसायचे, चपला दाराबाहेर काढायचे. मला ताप आला त्याच्या आदल्या रात्री आम्ही एकाच टेबलावर जेवलो होतो. बहीण खोटं बोलली नाही, म्हणूनच ते इतकं लागलं. त्यात परवा कळलं की मुलाचा घसा दोन दिवस दुखत होता आणि त्यानं मला सांगितलंच नव्हतं. टेस्ट निगेटिव्ह आली, पण मी त्याला खूप बोलले. आता घरात कुणीच माझ्याशी नीट बोलत नाही. मी काय करू?

– एक थोरली लेक

अगं,

वाढदिवसाचं बघूच, पण आधी बाबांचं बोलू. तुझ्या पत्रात वाढदिवसाच्या चार ओळी आहेत आणि बाकी सगळीकडे बाबा आहेत.

“नाही गं, तुझ्यामुळे नसेल झालं,” असं मी म्हणणार नाही. तुला आणि मला दोघींनाही ठाऊक नाही, आणि खोटा दिलासा तू लगेच ओळखशील. आजार तुझ्यातून त्यांच्यापर्यंत गेला असेलही. पण विषाणूची वाट तुझ्यातून गेली असणं वेगळं, आणि तू बाबांचं वाईट केलं असणं वेगळं. चार वर्षांच्या वर तू या दोन गोष्टी एकच धरून चालली आहेस.

तेव्हा तुला कुणी काय सांगितलं होतं ते आठव. हात धुवा, वस्तू पुसा, अंतर ठेवा. मार्च २०२० मध्ये खुद्द जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की हा आजार हवेतून पसरत नाही. जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन या शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहिलं की बंद जागेतल्या हवेकडे लक्ष द्या, श्वासातून निघणारे बारीक कण हवेत तरंगत राहतात. २३९ जणांनी त्या पत्राला पाठिंबा दिला. तरीही ही गोष्ट घराघरात पोचायला फार वेळ गेला. त्या महिन्यांत मीसुद्धा घरात आलेलं प्रत्येक पाकीट पुसून घेतलं, आणि खिडक्या मात्र लावून बसले. सांगितलेलं सगळं तू केलंस. जे सांगायला हवं होतं ते सांगितलंच गेलं नव्हतं.

आणि ते आदल्या रात्रीचं जेवण. एप्रिल २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. एकाकडून दुसऱ्याला लागण झाल्याच्या ७७ जोड्या त्यात तपासल्या होत्या. अंदाज असा निघाला की सुमारे ४४ टक्के लागण पहिल्या माणसाला काहीही त्रास सुरू व्हायच्या आधीच झाली होती. ताप नाही, खोकला नाही, अंग दुखत नाही, आणि तरी श्वासातून विषाणू बाहेर पडतोय. त्या रात्री टेबलावर बसलेल्या मुलीला हे कळायला काही मार्गच नव्हता. ती बाबांची औषधं आणून त्यांच्याबरोबर जेवायला बसली होती.

मुलाची गोष्ट मी मुद्दाम बाबांच्या लगेच नंतर घेतेय. दहा वर्षांच्या मुलानं दोन दिवस घसादुखी लपवली, ती त्याला आजीची काळजी नाही म्हणून नव्हे. आपल्यामुळे आजीला काही झालं तर आपण कायमचे दोषी ठरू, हे तो तुझ्याकडे बघून शिकलाय. तू त्याला तसं एका शब्दानंही सांगितलं नसशील. पण आजोबांचा विषय निघाला की आपल्या आईचा, म्हणजे तुझा, चेहरा कसा होतो, हे मुलं बघत असतात. ज्या घरात आजारी पडणं हा अपराध असतो, तिथे माणसं आजार लपवतात, आणि आईसारख्या रुग्णाला त्याहून मोठा धोका नाही. स्वतःला माफ कर असं मी तुला सांगते तेव्हा तुझं मन हलकं व्हावं एवढाच हेतू नसतो. आईच्या सुरक्षिततेसाठी ते मास्कइतकंच गरजेचं आहे.

म्हणून आज रात्री त्याच्याजवळ बस. “मी रागावले ते चुकलं,” हे आधी म्हण. मग सांग की घसा दुखला, नाक गळायला लागलं, अंग कोमट लागलं, तर सगळ्यात आधी येऊन सांगणारा माणूस या घरातला सगळ्यात कामाचा माणूस. त्याला वेगळ्या खोलीत झोपावं लागलं तर तिथे काय काय हवं, पुस्तकं, खेळ, दाराबाहेरून गप्पा, हे आत्ताच त्याच्याबरोबर ठरव. टेस्ट निगेटिव्ह आली यावर मात्र फार विसंबू नकोस. घरी करायची रॅपिड टेस्ट सुरुवातीच्या दिवसांत पुष्कळदा चुकते, म्हणून ४८ तासांनी ती पुन्हा करायची असते. तोवर तो आणि आजी एका खोलीत असले की दोघांनीही मास्क लावायचा आणि खिडकी उघडी ठेवायची.

आता बहीण. ती जे बोलली ते क्रूर होतं, त्याला मी दुसरं नाव देणार नाही. पण बाबा तिचेही गेले, आणि बहुतेक ती तेव्हा लांब होती. तू निदान शेवटपर्यंत त्यांच्यासाठी काही करत होतीस, तिला तेही मिळालं नाही. आता तू “येऊ नकोस” म्हणालीस की तिला ऐकू येतं की या वेळीही मी बाहेरच. मेसेज लिहू नकोस, फोन कर. सुरुवात नियमांनी करू नकोस. “तू म्हणालीस ते मी रोज स्वतःला म्हणते,” एवढं सांग आणि थांब. ती काय म्हणते ते पूर्ण ऐकून घे. मग सांग, “तू यावंस असं मला वाटतं, कसं यायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.”

कारण तिनं यावं असंच माझं मत आहे. दोन दिवस मुक्काम मात्र नको. सहा-सात माणसं, बंद खोल्या, रात्रभर तीच हवा, हे आत्ताच्या दिवसांत आईसाठी फार होतं. दुपारभराची भेट, गच्चीवर किंवा अंगणात, जमेल.

थंडीच्या पहाटे बोलताना तोंडातून वाफ निघते ना, तशी ती बाराही महिने निघत असते. एरवी फक्त दिसत नाही. बाहेर वारा ती घेऊन जातो, बंद खोलीत ती साचते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्कॅजिट व्हॅलीत एका गायकवृंदाची अडीच तास तालीम झाली. हस्तांदोलन टाळलं होतं, दाराशी सॅनिटायझर होतं. आलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले, दोघं दगावले. स्पर्श टाळून पुरत नाही हे त्या एका संध्याकाळनं दाखवून दिलं. मोठ्यानं गाताना आणि बोलताना असे कण जास्त निघतात, म्हणून मुलांचा दंगाही उघड्यावरच होऊ दे.

एवढं कळलं की तुझी निम्मी कामं गळून पडतील. पिशव्या पुसणं थांबव. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं होतं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असते. हात धुवायचे ते इतर आजारांसाठी धूच. पण त्या कामात जाणारी ताकद आता हवेकडे वळव. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेव. वारा नसेल तर टेबलफॅन खिडकीशी, बाहेर तोंड करून लाव, म्हणजे आतली हवा बाहेर फेकली जाईल आणि दुसऱ्या खिडकीतून ताजी येईल. भिंतीवरच्या एसीनं खोली गार होते, हवा बदलत नाही, बहुतेक एसी तीच हवा फिरवतात. परवडत असेल तर हवेतले बारीक कण गाळणाऱ्या हेपा फिल्टरचं यंत्र आईच्या खोलीत असू दे, झोपेच्या वेळी सुद्धा.

तुझ्या वर्गाचं मला जास्त वाटतं. तिथे तू दिवसाचे पाच-सहा तास असतेस, म्हणजे घरातला खरा धोका बहिणीपेक्षा तुझ्या नोकरीतून येतोय. हे मी दोष द्यायला म्हणत नाही, कुठे पहारा ठेवायचा ते कळावं म्हणून म्हणतेय. शाळेत एन-९५ लाव, कापडी नको. लावल्यावर दोन्ही तळव्यांनी झाकून जोरात श्वास सोड. नाकाजवळून हवा डोळ्यांकडे आली तर पट्टी पुन्हा दाब. हा मास्क धुवायचा नसतो, कारण त्याच्या धाग्यांवर विद्युतभार असतो, तोच बारीक कण ओढून धरतो, आणि धुतल्यावर तो जातो. ओला झाला, मळला किंवा दोऱ्या सैल झाल्या की टाकून द्यायचा. शिक्षकांच्या खोलीत डबा खातानाच सगळे मास्क काढून जवळ बसतात, तर त्या अर्ध्या तासात तू बाहेर उघड्यावर बस. सहकाऱ्यांना विचित्र वाटेल. आईचं प्रत्यारोपण झालंय हे एकदा सांगून टाक, लोक समजून घेतात.

बहिणीच्या घरातल्या चौघांनी यायच्या दोन दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी टेस्ट करावी. कुणाला शिंक जरी आली तरी त्या माणसानं घरी राहायचं, आणि त्यावर कुणी रागवायचं नाही, मुलांवर तर अजिबात नाही. हे तिच्याकडून आधीच कबूल करून घे. घरात शिरताना, बाथरूमला जाताना मास्क. जेवण उघड्यावर, आईची खुर्ची वारा येतो त्या बाजूला. मिठी मारायची असेल तर मास्क लावून, चेहरे विरुद्ध दिशेला, आणि लहानशी. मी मिठीला नाही म्हणणार नाही.

पण तुझ्या पत्रात एक माणूस एकदाही बोललेलं नाही. आई. तिला काय हवंय, हे तुम्हा दोघींपैकी कुणी विचारलंय का? धोका तिच्या शरीराला आहे आणि वाढदिवसही तिचा आहे. प्रत्यारोपणाच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, त्यामुळे लशीचा परिणामही तिच्यात इतरांपेक्षा कमी होऊ शकतो, हे तिला स्पष्ट सांग, मऊ करून सांगू नकोस. मग विचार आणि ऐक. इतकी वर्षं आजार पचवलेली बाई आहे, तिला विचार करता येतो. ती “सगळ्यांना येऊ दे” म्हणाली तर वर लिहिलेली काळजी घेऊन येऊ दे. ती “या वेळी नको” म्हणाली तर बहिणीला ते तिच्याच तोंडून ऐकू दे, तुझ्याकडून नाही.

शेवटचं काम उद्या सकाळीच कर, वाढदिवसाची वाट पाहू नकोस. आईच्या किडनीच्या डॉक्टरांना गाठ आणि तीन गोष्टी विचार. तिला बूस्टर डोस कधी द्यायचा. लागण झाली तर कोणत्या नंबरवर, किती वाजताही, फोन करायचा. आणि कोणतं औषध द्यायचं. हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर हे गोळ्यांचं औषध त्रास सुरू झाल्यापासून पाच दिवसांत सुरू करावं लागतं, पण त्यातल्या रिटोनाव्हिरमुळे रक्तातलं टॅक्रोलिमस धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं. आईच्या बाबतीत म्हणूनच दुसरं औषध निवडतात किंवा टॅक्रोलिमसचं गणित बदलतात, आणि ते ठरवायचं काम त्याच डॉक्टरांचं. घाईघाईत दुसऱ्या कुणी लिहून दिलेली गोळी तिला देऊ नकोस, आणि टॅक्रोलिमस आपणहून बंदही करू नकोस. त्यांनी सांगितलेलं एका कागदावर लिही, खाली रोजच्या गोळ्यांची यादी जोड, आणि तो कागद सगळ्यांना दिसेल असा कपाटाच्या दारावर लाव. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर असेल तर ती बरी असताना तिचा नेहमीचा आकडा त्याच कागदावर नोंदवून ठेव, कारण गडद त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा नेहमीपेक्षा उतरत चालला तर लगेच दवाखाना, आणि तिला धाप लागली तर आकडा चांगला असला तरी जायचंच.

कागदाची एक प्रत बहिणीलाही पाठव. एखाद्या रात्री तुलाच ताप आला, तर आईला सांभाळायला तीच येणार आहे.

तुझी,
मावशी