ओढ आणि गोडी: मेंदूच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तणाव आणि मानसिक विकार यांच्या संबंधावर संशोधन करण्याचे तू ठरवले आहेस, हे वाचून समाधान वाटले. मात्र आराखड्याच्या पहिल्याच परिच्छेदात तू मेंदूच्या पेशींमध्ये संदेश नेणाऱ्या डोपामाइनला ‘आनंदाचे रसायन’ आणि तणावात स्रवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाला ‘तणावाचे विष’ म्हटले आहेस. ही दोन्ही विशेषणे आधी खोडून टाक. ती राहिली तर पुढची सगळी मांडणी कलती होईल.

डोपामाइनचा हा लौकिक जुन्या प्रयोगांतून आला आहे. १९५४ साली जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या संशोधकांना असे दिसले की, मेंदूच्या ठराविक भागात विजेचा सूक्ष्म प्रवाह मिळावा म्हणून उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबत राहतात. सुखाचे केंद्र सापडले, असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि पुढे त्या सुखाचे श्रेय डोपामाइनकडे गेले. त्यानंतर मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील डोपामाइन जवळजवळ नाहीसे केलेल्या उंदरांच्या तोंडात गोड द्रावण सोडून पाहिले. गोडी लागल्याच्या खुणा त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वीसारख्याच उमटल्या. पण हेच उंदीर समोरच्या अन्नाकडे आपणहून वळत नव्हते. त्यांची ओढ गेली होती, गोडी शाबूत होती. म्हणून एखादा रुग्ण ‘कशातच रस वाटत नाही’ असे सांगतो, तेव्हा त्याला मिळालेल्या गोष्टीचा आनंद होत नाही, की तिच्याकडे जाण्याची उभारीच येत नाही, हे तुझ्या प्रश्नावलीने वेगवेगळे विचारले पाहिजे. आज ती दोन्हींची बेरीज करते आणि तुझ्या आराखड्यातला सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो.

कॉर्टिसॉलविषयी थोडक्यात. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएफ (कॉर्टिकोट्रोपिन-रिलीजिंग फॅक्टर) हे संप्रेरक सोडतो, त्याने पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी जागी होते, तिच्या संप्रेरकामुळे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीतून कॉर्टिसॉल स्रवते आणि तेच कॉर्टिसॉल उलट मेंदूकडे जाऊन ही साखळी आवरते. सकाळी जाग येताना ते निरोगी माणसातही वाढलेले असते. नैराश्याच्या काही रुग्णांत त्याची पातळी चढी आढळते, अनेकांत आढळत नाही. त्यामुळे रक्तातील कॉर्टिसॉल मोजून नैराश्याचे निदान करता येत नाही.

खरा विचार करण्याजोगा दुवा पुढे आहे. मेंदूच्या न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स या भागात, जिथे बक्षिसाची किंमत ठरण्याशी डोपामाइनचा निकट संबंध आहे, तिथेही सीआरएफ काम करते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका अभ्यासात असे दिसले की, तणाव न भोगलेल्या प्राण्यांत सीआरएफ तिथले डोपामाइन वाढवते आणि प्राण्याला सीआरएफचा तो अनुभव हवासा वाटतो. पण दोन दिवस सक्तीने पोहायला लावून तीव्र तणाव दिल्यावर डोपामाइनची ही वाढ थांबते आणि तोच अनुभव नकोसा होतो. हा बदल किमान ९० दिवस टिकला. कॉर्टिसॉलच्याच साखळीतले हे तणावाचे संप्रेरक आधी कुतूहलाला बळ देत होते आणि तणावानंतर त्याच संप्रेरकाने पाठ फिरवली, हे वाचल्यावर ‘विष’ हा शब्द किती अपुरा आहे ते तुला जाणवेल. तरीही पोहून दमलेला उंदीर म्हणजे निराश माणूस नव्हे, एवढे भान निष्कर्ष लिहिताना ठेव. असा प्रयोग विकाराच्या एखाद्या घटकाविषयी बोलतो. अपराधीपणाची भावना किंवा भविष्याविषयीची हताशा त्यात मोजता येत नाही.

आता पत्राच्या शेवटी तू ओझरते लिहिलेस त्याविषयी. महिनाभर झोप नीट लागत नाही आणि आवडीच्या वाचनातही मन रमत नाही, असे तू म्हणतेस. वर त्याला ‘डोपामाइन कमी झाले असेल’ असे स्पष्टीकरणही जोडतेस. शोधनिबंध वाचून स्वतःचे निदान करू नकोस. उदास मनःस्थिती किंवा रस नाहीसा होणे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता अशा गोष्टी बिघडल्या, तर मनोविकारतज्ज्ञ नैराश्याची शक्यता तपासतात, आणि ती तपासणी मुख्यतः तुझे म्हणणे सविस्तर ऐकूनच होते. औषध दिले गेले तर त्याचा गुण यायला काही आठवडे लागू शकतात, हेही आधीच माहीत असू दे, म्हणजे पहिल्या आठवड्यात धीर सुटणार नाही. आराखड्याची सुधारित प्रत उशिरा आली तरी चालेल. डॉक्टरांची वेळ घेतल्याचे मात्र याच आठवड्यात कळव.

तुझ्या पत्राची वाट पाहत आहे.