कामासाठी आडगावी आलो आणि काम थांबले. मधले दिवस कसे घालवावेत?

कार्यालयाने तुम्हाला एका दूरच्या छोट्या गावी पाठवले, तिथे पोहोचल्यावर काम खोळंबले, परतीचे बोलावणेही येत नाही आणि 'इथे पाहण्यासारखे काही नाही' असे जो तो सांगतो. तर हे दिवस कसे काढावेत, असे तुम्ही विचारले आहे. मी कारखान्यांत यंत्रे बसवून देण्याचे काम करतो आणि एखादा सुटा भाग वेळेवर न पोहोचल्यामुळे अशी सक्तीची सुट्टी माझ्या वाट्याला वरचेवर येते, म्हणून अनुभवावरून लिहितो.

प्रेक्षणीय स्थळांची यादी शोधत बसू नका. छोट्या गावातली ती यादी दोन तासांत संपते आणि उरलेला वेळ मग अधिकच अंगावर येतो. त्याऐवजी एकच प्रश्न मनात ठेवून बाहेर पडावे: हे गाव नेमके इथेच का वसले? माणसे उगाच आडरानात घरे बांधत नाहीत. बारमाही पाणी, नदी ओलांडण्याजोगा उथळ उतार, खाण, बंदर, दोन वाटांचा मिलाफ, जुनी छावणी, किंवा वाफेच्या इंजिनांना वाटेत पाणी भरावे लागे म्हणून उभे राहिलेले स्टेशन, असे काहीतरी मुळाशी असतेच. ते सापडले की लगेच दुसरा प्रश्न येतो, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा रंजक असतो: ते मूळ कारण संपल्यावर गाव कशाच्या आधारावर तगले?

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरचे उशुआया कैद्यांच्या वसाहतीमुळे वाढले. १९४७ मध्ये तुरुंग बंद झाला, आज त्याच इमारतीत संग्रहालय आहे आणि कैदी ज्या रेल्वेने लाकूड आणत, तिच्या मार्गाच्या एका भागावर पर्यटकांची गाडी धावते. स्वीडनमधील किरुना लोखंडाच्या खाणीमुळे जन्मले आणि त्याच खाणीमुळे जमीन खचू लागल्याने त्याला जागा सोडावी लागत आहे. तिथले १९१२ मध्ये पूर्ण झालेले लाकडी चर्च ऑगस्ट २०२५ मध्ये अखंडच्या अखंड वाहनावर चढवून सुमारे पाच किलोमीटर दूर नेण्यात आले. ऑस्ट्रेलियातले ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्स राज्यात असूनही तिथली घड्याळे शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वेळेवर चालतात, कारण खाणीचा माल आणि माणसांची ये-जा सुरुवातीपासून त्या बाजूच्या रेल्वेनेच होत होती. म्हणजे गावाचा ओढा कुठे आहे, हे कधीकधी भिंतीवरच्या घड्याळावरूनही कळते. तुमच्या गावाबाबतीत बसथांब्यावरच्या पाट्या आणि पहाटे माल घेऊन येणारे ट्रक कोणत्या दिशेचे आहेत, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

पाहायचे कसे, याचे एक उदाहरण देतो. एका नदीकाठच्या गावात बाजारपेठेच्या एका ओळीतली दुकाने रस्त्याला लागून होती, तर समोरच्या ओळीतली चांगल्या पाच-सहा पायऱ्यांच्या जोत्यावर उभी होती. मी खिळे आणायला त्या उंच ओळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तर जमिनीलगत फक्त प्लास्टिकचे पाईप आणि बादल्या होत्या, आणि सिमेंटची पोती मात्र माळ्यावर चढवून ठेवली होती. एवढे जड ओझे वर कशाला, असे विचारल्यावर दुकानदाराने काही न बोलता आतल्या भिंतीकडे बोट दाखवले. तिथे माझ्या छातीएवढ्या उंचीवर पाण्याच्या डागाची सरळ रेघ होती आणि शेजारी खडूने साल लिहिले होते. पुढे पुलाच्या खांबावरही तशाच रेघा दिसल्या. मग रस्त्याला लागून असलेल्या पहिल्या ओळीतल्यांना पुराची भीती कशी नाही, या शंकेपायी मी दुपारभर नुसता उतार पाहत हिंडलो. ती ओळ जुन्या, बुजवलेल्या ओढ्याच्या पलीकडच्या चढावर होती, आणि हे नकाशावर कुठेच दिसत नव्हते.

गावात जुनी दफनभूमी असेल तर तिथे अवश्य जावे. अर्थात प्रवेशाबद्दल आधी विचारून आणि तिथले रीतिरिवाज सांभाळून. दगडांवरची साले एकामागून एक वाचत गेले, की एखाद्याच वर्षाची दाटी खटकते. अलास्कातल्या ब्रेविग मिशन या वस्तीत नोव्हेंबर १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीने ८० प्रौढांपैकी ७२ जण दगावले आणि त्यांना एकाच सामूहिक खड्ड्यात पुरावे लागले. गोठलेल्या जमिनीत टिकून राहिलेल्या त्या देहांमधूनच पुढे संशोधकांना त्या विषाणूचा अभ्यास करता आला. आडबाजूला असल्यामुळे गाव जगापासून सुटते, हा समज किती तोकडा आहे, ते अशा ठिकाणी कळते.

लोकांशी बोलताना 'गावाबद्दल काही सांगा' असे मोघम विचारले, तर उत्तरही मोघमच मिळते. तेच 'या गल्लीला असा बाक का आहे?' किंवा 'ही मोठी इमारत आधी कशाची होती?' असे बोट ठेवून विचारले, की दोन माणसे हमखास भांडू लागतात, आणि त्या भांडणातून जे हाती लागते ते कुठल्याही माहितीफलकावर नसते. गावात वाचनालय असेल तर तिथे जुनी स्मरणिका किंवा शाळेच्या वर्धापनदिनाचे अंक मागावेत. ग्रंथपालाकडे बहुधा सवडही असते.

गावाबाहेर पायी जाणार असाल, तर स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब उपयोगी पडतो: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तो धडधाकट माणसासाठी असल्यामुळे मी स्वतः त्यात निम्मा वेळ वाढवून धरतो आणि अंधार पडण्याच्या तासभर आधी परतता येईल इतक्याच अंतरावर जातो. मुक्कामाच्या जागी आपण कोणत्या दिशेला चाललो आहोत, ते सांगून निघावे. बंद पडलेल्या खाणी बाहेरून कितीही साध्या दिसल्या तरी आत पाऊल टाकू नये, आणि धरण किंवा सीमेलगत असाल तर कॅमेरा काढण्यापूर्वी परवानगी लागते का, हे विचारून घ्यावे.

राहता राहिले कार्यालय. हे दिवस रजेत धरले जाणार की कामावरचे, हे पहिल्याच दिवशी लेखी विचारून ठेवा, कारण नंतर त्यावरून कुरबुरी होतात. काम सुरू झाल्याचा निरोप केव्हाही येऊ शकतो, म्हणून रोज ठरावीक वेळी फोनच्या टप्प्यात या. दूरचा फेरफटका तेवढा ज्या दिवशी सामान येणार नाही अशी खात्री असेल त्याच दिवशी करा.