मॉड्यूल लोडची ओळ तीच, तरी क्लस्टरवरचा जुना जॉब का चालत नाही?

तुमची अडचण थोडक्यात अशी: सेंटॉस ७ ही लिनक्स असताना चालणारा ग्रोमॅक्सचा (रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन करणारा प्रोग्राम) जॉब क्लस्टर रॉकी ८ या नव्या लिनक्सवर गेल्यावर पडला. नव्याने बिल्ड केल्यावर चालला, पण ऊर्जेचे आकडे जुन्या रनशी जुळेनात. आता रिव्ह्यूअर विचारतोय.

यात दोन वेगळी दुखणी आहेत. आधी जॉब पडण्याचं बघू. ओपनएमपीआय ही जॉबच्या समांतर प्रोसेसना आपसात बोलू देणारी लायब्ररी. 'मॉड्यूल लोड ओपनएमपीआय' या ओळीत आवृत्ती नसेल तर अ‍ॅडमिनने त्या दिवशी ठेवलेला डिफॉल्ट मिळतो. आवृत्ती लिहिली तरी ती कुठल्या कंपायलरने, कुठल्या पर्यायांनी, कुठल्या प्रोसेसरसाठी बांधली हे कळत नाही. सेंटॉस ७ वर ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.१७ होती, रॉकी ८ वर २.२८ आहे. नवीन ग्लिबसीवर जुनी बायनरी सहसा चालते (उलट दिशेने नाही), त्यामुळे दोष बहुधा काढून टाकलेल्या ओपनएमपीआयचा किंवा ओपनएसएसएलसारख्या बदललेल्या लायब्ररीचा असतो. बायनरीवर 'एलडीडी' (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवा, 'नॉट फाउंड' म्हणून येणाऱ्या ओळीच उत्तर देतात.

जुनं बिल्ड नेमकं काय होतं हे शोधायला जुन्या रनची एमडी-लॉग फाइल उघडा. तिच्या सुरुवातीलाच ग्रोमॅक्सची आवृत्ती, कंपायलर, त्याचे फ्लॅग, एफएफटी (फूरिये रूपांतराची) लायब्ररी आणि सिम्ड पातळी (प्रोसेसरच्या कुठल्या व्हेक्टर सूचना वापरल्या) लिहिलेली असते. लोक ती फाइल सर्वात आधी डिलीट करतात, हे दुर्दैव.

पुढच्यासाठी स्पॅक (सोर्सपासून सॉफ्टवेअर बांधणारा पॅकेज मॅनेजर) वापरा, पण एन्व्हायर्नमेंट करूनच. नुसतं 'स्पॅक इन्स्टॉल ग्रोमॅक्स' म्हटलंत तर पुन्हा तिथेच याल. यॅमल फाइलमध्ये ग्रोमॅक्स २०२३.३, एमपीआय चालू, ओपनएमपीआय ४.१.५, जीसीसी १२.३.० आणि टार्गेट एक्स८६-६४-व्ही३ असं स्पष्ट लिहा. 'कॉन्क्रिटाइझ' (सगळ्या आवृत्त्या आणि पर्याय पक्के ठरवणं) केल्यावर तयार होणाऱ्या लॉक फाइलमध्ये प्रत्येक अवलंबित पॅकेज हॅशसकट येतं. यॅमल ही तुमची मागणी, लॉक हा प्रत्यक्ष ठरलेला हिशोब. जपायचा तो लॉक. सोबत स्पॅकचा गिट कमिटही नोंदवा. २०२५ मधल्या १.० आवृत्तीपासून पॅकेज बांधायच्या रेसिपी वेगळ्या रिपॉझिटरीत गेल्यात, म्हणजे नोंदवायचे कमिट दोन.

टार्गेट न लिहिता लॉगिन नोडवर (जिथे तुम्ही लॉगिन करता; जॉब चालतात ते कॉम्प्युट नोड) बांधलं तर स्पॅक तिथलाच प्रोसेसर धरतो. कॉम्प्युट नोड जुने असतील तर जॉब 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरतो. कॉम्प्युट नोडवर बांधायचं असेल आणि तिथे इंटरनेट नसेल, तर आधी लॉगिन नोडवर 'स्पॅक मिरर क्रिएट' करून सगळे सोर्स खाली घ्या. बिल्ड स्टेज स्क्रॅचवर ठेवा. होमचा कोटा अर्ध्यात संपतो.

एक मोठं भोक मात्र राहतं, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. स्लर्म (जॉब वाटणारा शेड्यूलर), यूसीएक्स (नेटवर्कची लायब्ररी) किंवा क्लस्टरची ओपनएमपीआय तुम्ही 'एक्स्टर्नल' म्हणून जोडता तेव्हा स्पॅक तुम्ही सांगितलेली आवृत्ती आणि पाथ यांवर विश्वास ठेवतो, आतल्या फाइली तपासत नाही. अ‍ॅडमिनने त्याच पाथवर नवीन बिल्ड टाकलं तर हॅश तोच, लायब्ररी वेगळी. म्हणून जॉब स्क्रिप्टमध्येच 'मॉड्यूल लिस्ट', 'एलडीडी' आणि 'एलएससीपीयू' (प्रोसेसरची माहिती देणारी कमांड) यांचं आउटपुट एका फाइलमध्ये उतरवून ठेवा.

आता आकड्यांचं. शेवटचे अंक न जुळणं हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. फ्लोटिंग पॉइंट बेरजेत क्रम बदलला की शेवटचा बिट बदलतो. एमपीआय रँकची (समांतर प्रोसेसची) संख्या बदलली, एव्हीएक्स२ ऐवजी एव्हीएक्स-५१२ (दोन्ही व्हेक्टर सूचनांचे संच) आलं किंवा एफएमए (गुणाकार-बेरीज एकाच सूचनेत) चालू झालं की क्रम किंवा राउंडिंग बदलतं. मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये तो फरक वेगाने वाढतो आणि काही पिकोसेकंदांत ट्रॅजेक्टरी वेगळी होते. 'एमडीरन'चा 'रिप्रॉड' पर्याय आहे, पण तीच बायनरी, तेच हार्डवेअर, तेवढेच रँक असतील तरच तो उपयोगाचा, आणि त्याने वेगही घटतो. रिव्ह्यूअरला ट्रॅजेक्टरी नव्हे, सरासरी दाखवा: दोन्ही बिल्डचे वेगवेगळ्या सीडने काही रन घ्या आणि सरासरी ऊर्जा एरर एस्टिमेटच्या आत जुळते का ते पाहा. तिथेही जुळली नाही तर मात्र बिल्डवर संशय घ्या, आणि ग्रोमॅक्सचे 'मेक चेक' टेस्ट चालवा.

अ‍ॅपटेनर (सगळं सॉफ्टवेअर एका इमेजमध्ये बांधणारं कंटेनर साधन) वापरा असं कोणी सुचवेलच. चांगलं साधन आहे, पण डेफिनिशन फाइलमध्ये 'लेटेस्ट' टॅग आणि 'एपीटी-गेट अपडेट' असेल तर इमेज दर वेळी वेगळी बनते. टॅगऐवजी शा-२५६ डायजेस्ट द्या आणि तयार झालेली एसआयएफ (इमेजची) फाइलच जपा. कंटेनरमधली आणि स्लर्मची पीएमआयएक्स (शेड्यूलर आणि एमपीआय यांना जोडणारी लायब्ररी) जुळली नाही तर ६४ रँकचा एक जॉब चालण्याऐवजी एका रँकचे ६४ जॉब चालतात, एरर कदाचित येतही नाही. लॉगमध्ये रँकची संख्या १ दिसली तर तेच झालंय: 'एसरन'ला (स्लर्मची जॉब चालवणारी कमांड) एमपीआयचा प्रकार पीएमआयएक्स असा स्पष्ट सांगून पाहा.