जुन्या ॲम्बेसेडरचा क्लचचा पाइप हायड्रॉलिक होजवाल्याकडून बनवून घ्यावा का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की ॲम्बेसेडरचा क्लचचा पाइप गळतोय, ओरिजिनल मिळत नाही आणि नागपूरजवळच्या हिंगण्याचा होजवाला (यंत्रांच्या रबरी नळ्या बनवणारा) दहा मिनिटांत तसाच बनवून देतो म्हणतो, तर घ्यावा का.

आतलं रबर कोणतं हे कळल्याशिवाय नका घेऊ. जेसीबी-ट्रॅक्टरच्या होजला आतून बहुधा नायट्राइल रबर असतं, ते खनिज तेलासाठी. तुमच्या क्लचमध्ये ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३ किंवा ४ दर्जाचं, खनिज तेल नव्हे. त्यात नायट्राइल फुगतं, मऊ पडतं आणि आतलं भोक चोंदतं. मग पेडल दाबलं तर क्लच सुटतो, पण परत बसायला वेळ घेतो, आणि तुम्ही उगाच क्लच प्लेट बदलत बसता. होजवाला "चार हजार पीएसआय सोसतो" म्हणेल. सोसेलही, पण प्रश्न दाबाचा नाहीच. ब्रेक ऑइलला ईपीडीएम रबर लागतं, तेव्हा ब्रेकचाच होज घ्या. जुना तुकडा सोबत न्या. नवीन नट हातानंच दोन-तीन आटे सहज गेला पाहिजे.

गळणारा भाग रबराचा नसून धातूचा पाइप असेल, तर तो नागपूरच्याच वाडी भागात ट्रकचं काम करणाऱ्यांकडे वाकवून मिळेल. साधं तांबं नको, कंपनानं कडक होऊन तडकतं, स्टीलच घ्या. टोकाचा फ्लेअर, म्हणजे पाइपाचं फाकवलेलं तोंड, जुन्यासारखाच हवा. आणि फ्लेअर मारण्याआधी नट ओवलाय का, हे उभं राहून बघा! नुसतं सांगून घरी आलात तर पाइप पुन्हा कापावा लागेल.

खोलताना नटाला आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारा आणि फ्लेअर नटाचाच पाना वापरा. साधा पाना कोपरे खातो. गाडीखाली जाताना जॅकच्या भरवशावर राहू नका, घोडी (जॅक स्टँड) लावा. स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सजवळचा, ऑइलच्या दाबानं क्लच सोडवणारा) सुटा असताना पेडल कोणी दाबू नये, पिस्टन बाहेर येतो. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सोलून निघेल.

नवा पाइप बसवल्यावर आत अडकलेली हवा काढताना वरच्या डब्यातलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका. पेडल तरीही पोकळ लागलं तर मोठ्या सिरिंजनं स्लेव्हच्या निपलमधून (हवा काढायच्या तोटीतून) ताजं ऑइल वर ढकला; हवा वरच जाते. बाटली नवीनच फोडा, मागच्या पावसाळ्यात उघडलेल्या बाटलीनं दमट हवा ओढलेली असते.

रिव्हर्स गिअर न करकरता पडला की रात्रभर जोडांखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी डाग दिसला तर नट आवळत बसू नका, फ्लेअर पुन्हा मारून घ्या.