फादर म्हणजे त्यांचे भटजी, असं आजीला सांगू नका

ताई, तुमचा निरोप वाचला. मुलाचं लग्न कॅथलिक मुलीशी, आधी तिकडं चर्चमधे अन मग दिवाळीनंतर दर्यापूरकडं गावात, आणि आजीला समजावं म्हणून तुम्ही सांगून टाकलं की फादर म्हणजे त्यांचे भटजी. असं नका सांगू बाप्पा, इथंच सगळा घोळ होतो.

आपल्याकडं महाराज, म्हणजे भटजी, लग्नाच्या दिवशी येतात, विधी करतात, मंगलाष्टकं म्हणतात, दक्षिणा घेऊन दुसऱ्या मांडवात जातात. फादरला बिशपनी (त्या भागातल्या चर्चच्या प्रमुखांनी) दीक्षा दिलेली असते, साधारणपणे तो लग्न करत नाही (प्रोटेस्टंट पास्टरला बायकोपोरं असू शकतात), अन लग्नाआधी तो दोघांना बोलावून नीट बोलतो. तुमच्या मुलाचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मात घेण्याचा पाण्याचा विधी) झालेला नाही म्हणून बिशपची परवानगी लागेल, ती फादरमार्फतच मागतात, त्याला वेळ जातो. म्हणून हॉल बुक करायच्या आधी फादरला भेटा. आणि मिस्सा (कॅथलिकांची चर्चमधली मुख्य उपासना) असली तर सगळे उठून पुढं जातात, फादर हातावर पातळ गोल भाकर ठेवतो, ती आपण घ्यायची नसते. आजीला वाटेल प्रसाद आहे, ती हात पुढं करेल. आधीच सांगून ठेवा, जागेवर बसून राहिलं तर कोणी वाईट मानत नाही.

आता आजीला खरंच पटेल अशी गोष्ट. रोमन कॅथलिक मानतात की नवरानवरी स्वतःच एकमेकांना वचन देऊन लग्न लावतात, फादर चर्चच्या वतीनं साक्षीला असतो. आणि आपल्या 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण, भटजी हवाच असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं तर 1873 पासून भटजीशिवाय लग्नं लावून दाखवली.

दूर कशाला, आपल्याच गावांत बघा ना, बौद्धवाड्यातल्या लग्नात भंते (भिक्खू) नाहीतर बौद्धाचार्य (विधी करणारा गृहस्थ) त्रिशरण पंचशील देतात, अन 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी भन्ते चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना स्वतःच दिली. मशिदीत नमाज कोणीही जाणकार माणूस पढवू शकतो. गुरुद्वाऱ्यात ग्रंथी ग्रंथसाहिब वाचतात, पण जाणता कोणीही शीख, बाई असो की माणूस, वाचू शकतो. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला तर पुजारीच लागत नाही. नातवंडांना हे सगळं सांगा, मला हे फार महत्त्वाचं वाटतं, नाहीतर पोट्टे सगळ्यांनाच पुजारी म्हणतील अन कोणाचंच काम त्यांना कळणार नाही.

गावातल्या लग्नाचं म्हणाल तर महाराजांना मुलगी ख्रिश्चन आहे हे आधीच सांगा, लपवू नका. त्यांना जमत नसेल तर दुसरे बघा, राग धरू नका. मुलगी हिंदू नाही म्हणून हिंदू विवाह कायदा इथं लागत नाही, तेव्हा चर्चमधल्या लग्नाची कायदेशीर नोंद पक्की करून घ्या. गोत्र विचारलं तर काय सांगायचं तेही महाराजांशीच ठरवा, आणि कन्यादान करायचं की नाही हे मुलीला अन तिच्या आईवडलांना आत्ताच फोनवर विचारा, मांडवात नाही.