कुरळ्या एक्स्टेन्शनला खोबरेल चालतं का?

प्रश्न: ताई, नणंदेच्या लग्नासाठी बेळगावच्या खडेबाजारातनं क्लिपवाले कुरळे एक्स्टेन्शन (आपल्या केसांना जोडायचे जादा केस) घेतले, दुकानदार खऱ्या केसांचेच म्हणाला. दोनदा धुतले तर नुसता गुंता झालाय बघा. घरचा शाम्पू आणि खोबरेल चालेल की वेगळं काही घेऊ?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: अगं, आधी एक केस काढून चिमट्यात धरून जाळून बघ की. राख झाली आणि जळक्या केसाचा वास आला तर खरा, वितळून गोळी झाली तर सिंथेटिक, मग त्याला ड्रायर-कर्लर दाखवायचंच नाही.

खरे असले तरी त्यांना टाळूचं तेल मिळत नाही ना, म्हणून कोरडे पडतात आणि कुरळे असले की जास्तच. शाम्पू सल्फेट (केसांतलं तेल ओढून घेणारा फेसाचा घटक) नसलेला घे, बाटलीमागं सोडियम लॉरिल सल्फेट लिहिलंय का बघ, कंडिशनर मात्र सढळ हातानं लाव आणि रुंद दातांच्या कंगव्यानं टोकाकडनं वर सोडवत ये. अल्कोहोल शब्द दिसला की लगेच घाबरू नको, सिटाइल आणि सिटिअरिल अल्कोहोल केस मऊच करतात, डिनेचर्ड अल्कोहोल तेवढं टाळ.

खोबरेल नको बाई, केस जड होऊन कुरळेपणा जातो, चिकटपट्टीनं लावायचे टेपवाले असते तर टेपच निसटली असती. थोडं लीव्ह-इन, म्हणजे न धुता केसांतच ठेवायचं कंडिशनर, पुरे. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं पाणी पावसाचं घे, खानापुरात त्याला काय कमी! आणि ओले ठेवून झोपू नको.